रक्तातल्या चिठ्ठ्यांचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी किन्हवली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विचारलं, "यंदा कशावर बोलणार?" मी म्हटलं, "रक्तावर." त्यांना वाटलं रक्तदानावर बोलणार. रक्तदान करावंच, त्याबद्दल वाद नाही. पण माझा विषय जरा वेगळा आहे. दंडातून काढलेल्या दोन चमचे रक्तात आपल्या शरीरातली जनुकं, म्हणजे जीन्स, किती काम करताहेत हे आता मोजता येतं. त्या मोजणीवर माझ्या धाकट्या भावाचा जीव टांगलेला होता आणि आज तो समोर बसलेला आहे. त्याला विचारून, त्याच्या परवानगीनेच मी हे सांगतो आहे.

मी काही डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. नववीतून शाळा सुटली. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि त्या संपाने आमचं घर गावी परतलं. तरी पुढे मीही परळच्या एका गिरणीत बदली म्हणून लागलो आणि साळखात्यात साच्यावर आयुष्य काढलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीही गिरणी थांबली. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात, संघटनेच्या बैठकीत आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसून शिकलो. म्हणून मी गिरणीच्याच भाषेत सांगणार आहे. कुठे चुकलं तर आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी मला मागाहून दुरुस्त करावं, मला त्याचा आनंदच होईल.

मित्रहो, आधी शरीराचा कारभार समजून घेऊ. गिरणीत डिझाईनचं एक खातं असतं. तिथे शेकडो नमुने कपाटात असतात. धोतराचा नमुना, साडीच्या काठाचा नमुना, चादरीचा नमुना. पण कपाटात नमुना आहे म्हणून साच्यावर ते कापड चालू आहे असं नसतं. ऑफिसातून चिठ्ठी आली की अमुक साच्यावर अमुक माल लागतो. चिठ्ठ्या जास्त आल्या तर तो माल जास्त निघतो. चिठ्ठी नाही तर नमुना कपाटात पडून राहतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असं एक कपाट असतं. त्याला डी.एन.ए. म्हणतात. त्यातला एकेक नमुना म्हणजे जनुक. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत कपाट एकच, नमुने तेच. मग डोळा डोळ्यासारखा आणि यकृत यकृतासारखं का? तर चिठ्ठ्या वेगळ्या निघतात म्हणून. त्या चिठ्ठीला शास्त्रज्ञ आर.एन.ए. म्हणतात. पेशीतल्या कारखान्यात ती चिठ्ठी वाचून प्रथिन तयार होतं, म्हणजे प्रत्यक्ष माल. कुठल्या नमुन्याच्या किती चिठ्ठ्या निघाल्या हे मोजणं म्हणजेच जनुक किती व्यक्त होतं आहे, किती कामाला लागलं आहे, हे मोजणं.

नमुना असणं वेगळं आणि माल दिसणं वेगळं, याचं एक उदाहरण परळमधलंच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे आणला. त्याला आज सगळ्या जगात 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. ह्या माणसांच्या कपाटात ए किंवा बी गटाचा नमुना असू शकतो, पण तो गट ज्या पायावर चढवायचा तो 'एच' नावाचा पायाच त्यांच्यात तयार होत नाही. म्हणून तपासताना रक्त ओ सारखं दिसतं आणि ओ गटाचं रक्त दिलं तर मात्र त्यांना घात होतो. नमुना आहे, माल नाही. हे शोधलं गेलं ते आमच्या गिरण्यांच्या चिमण्यांच्या सावलीत, म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

आता घरची गोष्ट सांगतो.

२०११ चा पावसाळा. आवणीचे दिवस होते. माझा भाऊ तेव्हा पस्तिशीचा, टेम्पो चालवायचा आणि पावसाळ्यात शेतात राबायचा. त्याला डाव्या कुशीत जड जड वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. रात्री घाम यायचा, अंगावरचं मांस उतरलं. शेजारपाजारचे म्हणाले, पाणथरी वाढली आहे. कुणीतरी एका भगताकडे नेलं. त्याने पोटावर डाग दिला. तो डाग आजही त्याच्या पोटावर आहे. मी रविवारी गावी आलो तेव्हा डाग चिघळला होता आणि पोट तसंच होतं. मी त्या भगतावर ओरडलो, वहिनीवर ओरडलो. नंतर विचार केला, की भगत दहा मिनिटांच्या वाटेवर होता आणि रक्त तपासणारा माणूस किती लांब होता! ज्याच्या दारात दिवा नाही तो अंधारात जे हाताला लागेल ते धरतो.

शहापुरात साधी रक्ततपासणी केली. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजार असतात. त्याच्या दोन लाखांवर निघाल्या. डॉक्टरांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, परळला टाटाला न्या, आजच न्या. मी त्या हॉस्पिटलच्या बाजूने वर्षानुवर्षं कामावर गेलेला माणूस. १९४१ सालापासून ते तिथे उभं आहे. पण आपल्या घरचं माणूस घेऊन त्या पायऱ्या चढलो तेव्हा पाय लटपटले.

तिथे निदान झालं. क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया, थोडक्यात सी.एम.एल. रक्ताचा कर्करोग. जगभर दरवर्षी लाखात साधारण एक-दीड माणसाला हा होतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा साठीच्या आसपास दिसतो, आपल्याकडे मात्र चाळिशीच्या आतबाहेर, म्हणजे ऐन कमावत्या वयात.

हा आजार होतो कसा ते मला साच्यावर काम केल्यामुळे लवकर कळलं. ताण्याचे दोन धागे एकदम तुटले आणि सांधताना ह्याचं टोक त्याला जोडलं गेलं, तर पुढे कापडात खोट येते. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. ह्या आजारात ९ नंबरचं आणि २२ नंबरचं गुणसूत्र तुटतं आणि टोकं अदलाबदल होऊन सांधली जातात. १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशीत एक आखूड गुणसूत्र दिसलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली या बाईंनी दाखवून दिलं की ते नुसतं तुटलेलं नाही, ९ आणि २२ यांच्यात देवाणघेवाण झालेली आहे. त्या चुकीच्या सांध्यावर दोन जनुकांचे तुकडे जोडून एक तिसरंच जनुक तयार होतं. त्याचं नाव बी.सी.आर.-ए.बी.एल.

साच्यावर धागा तुटला की साचा आपोआप थांबावा अशी सोय असते. ती सोय बिघडली तर साचा चालतच राहतो. बी.सी.आर.-ए.बी.एल.चं तसंच आहे. त्याच्या चिठ्ठ्यांवरून जे प्रथिन बनतं ते पेशीला सारखं सांगत राहतं, वाढ, वाढ, थांबू नकोस. म्हणून पांढऱ्या पेशी दोन लाखांवर जातात आणि पाणथरी फुगते. हा बिघाड जन्मतः नसतो, आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही, उष्ट्यातून-स्पर्शातून लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतो. कारण आमच्या पुतणीचं लग्न ठरताना एका घरातून "त्यांच्या रक्तात दोष आहे" असं सांगून नकार आला होता. बंधू-भगिनींनो, रक्तात दोष आहे हे शब्द आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ऐकलेले आहेत. निदान आपण तरी ते कुणाच्या अंगावर टाकू नयेत.

ह्या आजारावर गोळी आहे. इमॅटिनिब. ब्रायन ड्रुकर नावाच्या डॉक्टरांनी १९९८ साली रुग्णांवर तिची पहिली चाचणी सुरू केली आणि २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्या बिघडलेल्या प्रथिनाला काम करायला ज्या खोबणीतून ताकद मिळते, त्या खोबणीत ही गोळी जाऊन बसते. कुलपाच्या भोकात दुसरंच काही घालून ठेवलं की किल्ली जात नाही, तसं. गोळी बिघडलेल्या यंत्राला थांबवते आणि बिघडलेल्या पेशी हळूहळू मरतात. आधी ज्या आजारात माणूस चार-पाच वर्षांत जायचा, त्यात आता माणूस गोळी घेऊन नोकरीधंदा करत जगतो.

पण ही गोळी आपल्यासारख्याला मिळाली कशी, तोही इतिहास आपल्याला माहीत पाहिजे. नोव्हार्टिस कंपनीची ग्लिवेक नावाची गोळी भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांची होती. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळत होती. काही रुग्णांना कंपनी फुकट गोळ्या देत होती हेही खरं आहे, ते लपवू नये. पण फुकट देणं ही देणाऱ्याची मर्जी, आणि परवडणाऱ्या भावात मिळणं हा घेणाऱ्याचा हक्क. कंपनीने पेटंट मागितलं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि भारतीय कंपन्यांनी विरोध केला. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी वर वर जात राहिली. शेवटी १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी निकाल दिला. जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं आणि त्याने गुण वाढल्याचं दाखवता आलं नाही, तर आपल्या कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे त्याला पेटंट नाही. आम्ही त्या दिवशी गिरणीच्या गेटवर पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, "बोनस झाला का?" मी म्हटलं, "त्याहून मोठं झालं."

आता मूळ मुद्द्यावर येतो. गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या झाल्या, पाणथरी ओसरली, भावाचं वजन वाढलं. घरातल्यांना वाटलं, बरा झाला. मग डॉक्टर म्हणाले, आता दर तीन महिन्यांनी बी.सी.आर.-ए.बी.एल.ची चाचणी करायची. आमची वहिनी म्हणाली, "बरा झालेल्या माणसाचं सारखं रक्त कशाला काढता?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाने जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

साध्या तपासणीत पेशी मोजतात. पण शंभर पेशींत एखादीच बिघडलेली उरली तर दुर्बिणीखाली ती वेगळी ओळखू येत नाही, गिनती नेहमीसारखीच येते. बिघडलेल्या पेशी मात्र बी.सी.आर.-ए.बी.एल.च्या चिठ्ठ्या काढत असतात. ती चिठ्ठी निरोगी पेशीत निघत नाही. म्हणून चिठ्ठ्या शोधल्या तर लाख पेशींत एक बिघडलेली असली तरी सापडू शकते. शिवाय आणखी एक गंमत आहे. कपाटातल्या नमुन्यात तुटण्याची जागा प्रत्येक रुग्णात थोडी वेगळी असते. पण चिठ्ठी लिहिताना पेशी मधला नको असलेला मजकूर कापून टाकते. त्यामुळे बहुतेक सगळ्या रुग्णांची चिठ्ठी दोन-तीन ठरावीक प्रकारांतलीच निघते. एकच पद्धत सगळ्यांना लागू पडते.

हे मोजतात कसं? दंडातून साधारण दहा मिलिलिटर रक्त घेतात. आपल्या गावात लोक घाबरतात, म्हणतात बाटली भरून काढलं. दहा मिलिलिटर म्हणजे दोन छोटे चमचे. अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेल्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत ते घेतात. मग तांबड्या पेशी फोडून बाजूला काढतात, कारण पिकलेल्या तांबड्या पेशीत कपाटच उरलेलं नसतं. राहिलेल्या पांढऱ्या पेशींमधून चिठ्ठ्या, म्हणजे आर.एन.ए., वेगळा काढतात.

ही चिठ्ठी फार नाजूक असते. साध्या घामेजल्या बोटाने ती नासते, म्हणून तिथली माणसं सारखे हातमोजे बदलतात. तिची आधी पक्की नक्कल करतात. त्यासाठी एक विकर वापरतात. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते विषाणूंत सापडलं. चिठ्ठीवरून उलट नमुना लिहायचं काम ते करतं. मग कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलेली पी.सी.आर. पद्धत येते. नळी गरम करायची, थंड करायची, की एकाच्या दोन नकला होतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ. दहा फेऱ्यांत हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर, तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर. प्रत्येक नकलेबरोबर नळीत चमक वाढते आणि यंत्र ती चमक बघत असतं. सुरुवातीला चिठ्ठ्या जास्त असतील तर चमक लवकर दिसते, कमी असतील तर उशिरा. सुरुवातीची संख्या दहापट कमी झाली तर चमक साधारण सव्वातीन फेऱ्या उशिरा येते. कोविडच्या काळात २०२० साली आपण सगळ्यांनी आर.टी.-पी.सी.आर. आणि सी.टी. व्हॅल्यू हे शब्द ऐकले. ती हीच पद्धत. तिथे नाकातून विषाणूच्या चिठ्ठ्या शोधत होते, इथे रक्तातून आपल्याच बिघडलेल्या पेशींच्या शोधतात.

पण नुसता आकडा फसवतो. रक्त कमी आलं, चिठ्ठ्या वाटेत नासल्या, तर आकडा कमी येणारच. मग बरा झाला म्हणायचं का? आमच्याकडे सुताचा काउंट काढतात तेव्हा नुसतं वजन सांगून चालत नाही, किती वार सुताचं वजन ते सांगावं लागतं. तसंच इथे त्याच नमुन्यातल्या एका नेहमीच्या जनुकाच्या चिठ्ठ्याही मोजतात. बहुधा ए.बी.एल. हेच जनुक घेतात. बिघडलेल्या चिठ्ठ्या भागिले नेहमीच्या चिठ्ठ्या, असं प्रमाण काढतात. नेहमीच्या चिठ्ठ्या दहा हजार तरी मिळाल्या पाहिजेत. तेवढ्या नसतील तर नमुनाच खराब, आकडा धरायचा नाही.

आणि प्रत्येक प्रयोगशाळेची फूटपट्टी वेगळी पडू नये म्हणून एक आंतरराष्ट्रीय मापपट्टी ठरवली आहे. उपचारापूर्वीची पातळी शंभर टक्के धरायची. तीन महिन्यांनी दहा टक्क्यांवर किंवा खाली यावं, सहा महिन्यांनी एक टक्क्यावर, वर्षाने ०.१ टक्क्यावर. ०.१ म्हणजे हजारपट घट. तिथे पोचलेल्या माणसाचा आजार पुढे उसळण्याची भीती फार कमी राहते. भावाला तिथे पोचायला चौदा महिने लागले. पुढे ०.०४ झालं. तो कागद वहिनीने डब्यात ठेवला, रेशनकार्डाच्या बरोबर.

आता मी माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. २०१४ च्या उन्हाळ्यात भावाने मला न सांगता गोळ्या बंद केल्या. तब्येत उत्तम होती. गोळीने पाय वळायचे, डोळ्याभोवती सूज यायची, पोटात मळमळायचं. कुणी सांगितलं, गोळ्या गरम पडतात. आणि परळची एक खेप म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. किन्हवलीहून पहाटेची गाडी पकडून आसनगाव, तिथून कसारा लोकलने दोन तासांच्या आसपास दादर, मग चालत परळ, दिवसभर रांग, रात्री उशिरा परत. टेम्पोचा त्या दिवशीचा धंदा बुडाला तो वेगळाच. चाचणीचे काही हजार. त्याने मनात हिशेब केला, की मी बरा आहे, हा पैसा मुलीच्या शिक्षणाला लावतो.

तीन-चार महिन्यांनी मी त्याला बळेच चाचणीला नेलं. आधी वेळ वाचवावा म्हणून जवळच्या एका शहरातल्या खासगी लॅबमध्ये शनिवारी रक्त दिलं. त्यांनी ते दोन दिवस तसंच ठेवून मंगळवारी पुढे धाडलं. निकाल आला, नमुना तपासण्याजोगा नाही. पैसे गेले. चिठ्ठ्या वाटेत नासल्या होत्या. मग परळलाच गेलो. आकडा आला १२ टक्के. ०.०४ चे १२ झाले होते, म्हणजे तीनशे पट. आणि त्या दिवशी त्याच्या पांढऱ्या पेशी नेहमीइतक्याच होत्या, पाणथरी हाताला लागत नव्हती, तो गाडीत उभा राहून आला होता. साध्या तपासणीत तो निरोगी माणूस होता.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता ना?" तो म्हणाला, "घेतो." डॉक्टरांनी आणखी एक रक्त तपासायला सांगितलं. कधीकधी त्या जनुकात नवा बदल होतो आणि गोळी खोबणीत बसत नाही, तसं झालं आहे का ते बघायचं होतं. तसं असतं तर महागडी दुसरी गोळी लागली असती. मी घरी आलो आणि वहिनीने कणगीतून न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी भावाला नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, तू दर वेळी खाडा करून माझ्याबरोबर येतोस. तुझे किती खाडे झाले ते मी लिहून ठेवलंय." त्याने खरंच एका वहीत माझे खाडे लिहिले होते. एकोणीस.

मित्रहो, मी आयुष्यभर मजुरीच्या हिशेबासाठी मालकांशी भांडलो, आणि माझा सख्खा भाऊ माझ्या मजुरीचा हिशेब करून स्वतःचं औषध सोडत होता, हे मला कळलं नाही. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो आणि खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खोटं तुम्ही बोललात, रक्त बोललं नाही." गोळी पुन्हा सुरू झाली. तीन महिन्यांत आकडा १ च्या खाली आला, वर्षाच्या आत पुन्हा ०.१ च्या खाली. नशीब चांगलं असं मी म्हणणार नाही. आकडा वेळेवर कळला म्हणून तो वाचला.

मग लोक विचारतात, गोळी जन्मभर घ्यायची का? त्यावरही अभ्यास झालेला आहे. फ्रान्समध्ये शंभर रुग्ण घेतले. किमान दोन वर्षं ज्यांच्या रक्तात ह्या चिठ्ठ्या सापडल्याच नव्हत्या असे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांची गोळी थांबवली. २०१० साली निकाल छापून आला. वर्षभरानंतर शंभरात सुमारे चाळीस जणांचा आजार परतला नव्हता. बाकीच्यांचा परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, पण वारंवार चाचणी चालू होती म्हणून लगेच कळलं आणि गोळी पुन्हा लागू पडली. म्हणजे गोळी थांबवता येते, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या भावाने थांबवली ती डोळे मिटून.

ह्या विद्येचा पसारा आता मोठा झाला आहे. एकाच वेळी हजारो जनुकांच्या चिठ्ठ्या मोजायची पद्धत १९९५ पासून आली. २०१० साली लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्षयरोग्यांच्या रक्तात ३९३ चिठ्ठ्यांचा एक ठरावीक ठसा सापडला. रक्तावरून क्षय ओळखता यावा म्हणून त्यावर पुढे काम सुरू आहे. गिरणीच्या चाळीत एका खोलीत दहा-दहा जण राहिलेल्या आम्हा लोकांना क्षय काय असतो ते सांगायला नको. आपल्या ठाणे-पालघरच्या पाड्यांवर सिकलसेल आहे. त्यात हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध देतात. गर्भात असताना चालणारं आणि जन्मानंतर झोपी जाणारं हिमोग्लोबिनचं जनुक ते पुन्हा थोडं जागं करतं. म्हणजे तिथेही प्रश्न तोच, कपाटातला कुठला नमुना चालू आणि कुठला बंद.

पण एक सावधगिरी. रक्तातून भविष्य सांगतो, सगळे रोग सांगतो अशा जाहिराती करणारे उद्या आपल्या दारात येतील. भगताचा डाग आणि चकचकीत कागदावरचा खोटा रिपोर्ट यांत मला फरक वाटत नाही. आपण तीन प्रश्न विचारायचे. काय मोजलं? कशाच्या तुलनेत मोजलं? आणि आकडा आला तर उपचार बदलणार आहे का? तिन्हींचं उत्तर नसेल तर खिशात हात घालू नये.

शेवटी मागणी आणि काम, दोन्ही बोलून मी थांबतो. क्षयरोगाच्या बेडक्याची तपासणी करायला सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत सीबीनॅट नावाची यंत्रं बसवली आहेत. त्याच यंत्रावर चालणारी बी.सी.आर.-ए.बी.एल.ची कार्ट्रिज निघालेली आहे, तिचा निकाल काही तासांत येतो. मग परळची खेप प्रत्येकाने का करायची? ही सोय जिल्ह्यात व्हावी असं निवेदन आपण तयार केलं आहे. सभा संपल्यावर बाहेरच्या टेबलावर सह्या करायच्या आहेत.

आणि सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत आपण काय करू शकतो? आपल्या विहाराच्या कपाटात एक वही ठेवली आहे. पंचक्रोशीत, मग तो कुठल्याही जातीचा, पाड्यावरचा असो, ज्याला अशी कायमची गोळी आणि नियमित चाचणी लागते, त्याचं नाव त्याच्या परवानगीने त्यात लिहायचं. गोळ्या कधी संपतात, चाचणी कधी आहे, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण जाणार, हे आधी ठरवायचं. दर वेळी एकाच माणसाने जायचं नाही, पाळी लावायची. पाळी लावणं आम्हा गिरणीवाल्यांना चांगलं जमतं. खाड्याचा खर्च विहाराच्या पेटीतून निघेल. कुणाचाही भाऊ कुणाचे खाडे मोजत औषध सोडणार नाही, एवढं झालं तरी ह्या इमारतीची एक वीट कामाला लागली असं मी समजेन.

माझ्या भावाचा गेल्या महिन्यातला आकडा ०.०१ च्या खाली आहे. पुढच्या चाचणीला त्याच्याबरोबर कोण जाणार हे त्या वहीत लिहिलेलं आहे, आणि ते नाव माझं नाही. मला त्याचा फार आनंद आहे.